अप्रमादाची अनुमोदना

गेल्या पर्युषण पर्वातील गोष्ट. संवत्सरीनंतर आमच्या स्थानकात तपस्वींच्या बहुमानाचा कार्यक्रम होता. अठ्ठाई करणाऱ्या मुली, मासखमण पूर्ण केलेल्या एक वयोवृद्ध श्राविका, वर्षीतप चालू असलेले एक दांपत्य अशा सर्वांचा शाल, श्रीफळ आणि चांदीचे नाणे देऊन सत्कार झाला. सभागृहातून अनुमोदनेचा घोष होत होता. समारंभ संपल्यावर चहापानाच्या वेळी माझ्या चुलतभावाचा नातू भेटला. वय अवघे चोवीस. तो व्यापारी जहाजावर कनिष्ठ अधिकारी आहे. जैन घरातील मुलगा जहाजावर जातो म्हटल्यावर त्याच्या आजीला पहिली काळजी पडली होती ती सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची. त्याने तिथेही आपल्यापुरती सोय लावून घेतली आहे, हे ऐकून ती माउली निश्चिंत झाली.

मंडळींपैकी कोणीतरी सहज विचारले, "काय रे, या वर्षी समुद्रावर काय पराक्रम केलास?"

तो हसून म्हणाला, "काही नाही, काका. सांगण्यासारखं काही घडलंच नाही. दर महिन्याला तेलगळतीचा सराव करतो, तेवढाच पराक्रम."

सगळे हसले आणि विषय बदलला. मी मात्र त्याला बाजूला घेऊन विचारले की हा सराव म्हणजे नेमके काय असते. तो सांगू लागला. प्रत्येक मोठ्या जहाजावर तेल सांडल्यास काय करायचे याची लेखी योजना असावी लागते. कोणी कोणती झडप बंद करायची, कोणी कोणाला कळवायचे, पाणी वाहून जाण्याची डेकवरची छिद्रे कोणी बुजवायची हे नावानिशी ठरलेले असते. त्यासाठी एक वेगळे कपाटही असते. त्यात तेल शोषणारे कापड, फावडी, बादल्या, रबरी हातमोजे आणि लाकडाच्या भुशाची पोती असतात.

लाकडाचा भुसा! हा शब्द ऐकताच मी समुद्रावरून थेट नांदगाव पेठेत, साठ वर्षांमागच्या आमच्या दुकानात येऊन पोहोचलो.

आमचे दुकान किराणा आणि तेलाचे होते. शेंगदाण्याचे, जवसाचे आणि सरकीचे तेल पिंपात असे आणि मागच्या पडवीत घासलेटचे पिंप. पिंपाच्या तोटीखाली पत्र्याची परात आणि तिच्या शेजारी भुशाचे अर्धे पोते कायम ठेवलेले असे. लाकडाच्या वखारीतून बाबूजी ते स्वतः आणीत. एकदा माझ्या हातून तोटी उघडी राहिली आणि सरकीचे तेल जमिनीवर पसरू लागले. मी घाबरून फडके आणायला धावलो. बाबूजींनी मला मनगटाला धरून थांबवले आणि आधी तोटी बंद केली. मग तेलाच्या कडेने भुशाचा बांध घातला. वाटीने वरचे तेल उचलून वेगळ्या डब्यात भरले आणि सगळ्यात शेवटी फडके घेतले. "पुसायची घाई करणारा सगळीकडे पसरवतो," एवढेच ते म्हणाले. आई पुंजणी घेऊन आली आणि तेलाच्या दिशेने निघालेली मुंग्यांची रांग तिने हळुवारपणे दुसरीकडे वळवली. तिला तेलाच्या किमतीपेक्षा त्या मुंग्यांची चिंता अधिक होती. तेलात अडकलेली मुंगी पुन्हा उठत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले.

आधी उगम बंद करायचा, मग पसरणे अडवायचे, मग उचलायचे आणि शेवटी पुसायचे. पुढे वाचनात आले की जगभर समुद्रातील तेलगळतीशी झुंजणारी माणसे हाच क्रम पाळतात. आमच्या भुशाच्या बांधाच्या जागी तिथे 'बूम' नावाचा तरंगता बांध असतो, वाटीच्या जागी 'स्किमर' नावाचे तेल वरच्या वर उचलणारे यंत्र असते. तत्त्व तेच असते, मात्र दुकानातली जमीन स्थिर होती आणि समुद्र स्थिर नसतो.

समुद्रातील तेलाचे हे दुःख मी डोळ्यांनी पाहिले ते २०१० साली. तेव्हा मी बँकेच्या मुंबईतील एका शाखेत विदेश विनिमय विभागात होतो. ७ ऑगस्टच्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'एमव्ही खलिजिया ३' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा'वर १,२१९ कंटेनर होते आणि स्वतःच्या इंजिनासाठीचे २,६६२ टन इंधनतेल होते. जहाज एका बाजूला धोकादायक रीतीने कलले आणि शेकडो कंटेनर पाण्यात कोसळले. त्यांतील काहींत कीटकनाशके होती, काहींत बिस्किटे होती. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. जहाजावरच्या ३३ जणांना सुखरूप काढण्यात आले, ही त्या दिवसाची पुण्याई.

पाण्यात तरंगणाऱ्या कंटेनरांमुळे मुंबई आणि जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. अकोल्याकडील सुताच्या एका व्यापाऱ्याचा कंटेनर न्हावाशेव्याला अडकला होता. त्यांच्या पतपत्रात माल जहाजावर चढवण्याची अंतिम तारीख अगदी तोंडावर आलेली. त्यांचा फोन आला, "साहेब, समुद्रात जहाजं भिडली, त्यात माझा काय गुन्हा? माझ्या घरात पुढच्या महिन्यात लग्न आहे." बँकेचा नियम कागदांपुरता असतो. तारीख चुकली की कागद सदोष ठरतो, मग कारण आकाशातले असो की पाण्यातले. शेवटी परदेशी खरेदीदाराने तारीख वाढवून दिली आणि प्रसंग टळला. पण घाटावरच्या माणसालाही समुद्र किती जवळ असतो, हे मला त्या फोनने शिकवले. वऱ्हाडात पिकलेल्या कापसाचे सूत, आपल्या गिरण्यांचे कापड, आपल्या दुकानांतले खाद्यतेल आणि आपल्या गाडीतले डिझेल या सर्वांचा रस्ता कुठे ना कुठे समुद्रावरून जातो.

त्याच महिन्यात अलिबागकडचा एक सहकारी मला एका रविवारी आपल्या गावी घेऊन गेला. खाडीकाठी तिवरांची झाडे होती. चिखलातून बोटांसारखी वर आलेली त्यांची मुळे हवेतून श्वास घेतात. त्या मुळांवर काळ्या तेलाचा थर चढला होता, जणू कोणी हजारो बोटे डांबरात बुडवून ठेवली होती. इंधनतेल हे पेट्रोलसारखे उडून जात नाही. त्यातला हलका भाग वाऱ्यावर जातो आणि उरलेला पाण्याशी घुसळून अधिक दाट, अधिक चिकट होतो. भरतीने ते आत येते आणि ओहोटी ते परत नेत नाही. चिखलात खेकडे होते. काही हलत होते, काही नव्हते. मला आईची पुंजणी आठवली. इथे पुंजणी कोणत्या दिशेने फिरवायची?

रायगडच्या किनाऱ्यावर, घारापुरीला, वाशीच्या खाडीपर्यंत तेल पोहोचले होते. मच्छीमारांची घरे बसून राहिली होती. मासेमारी हा आपल्या धर्माचा व्यवसाय नाही, तरी त्या घरांतली चूल आणि आपली चूल यांत फरक करणे हा धर्म नव्हे.

तटरक्षक दलाने तेव्हा जहाजे आणि हेलिकॉप्टर लावून काम केले. तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात विखुरणारे द्रावण वरून फवारले. पण हे द्रावणही सगळीकडे चालत नाही. उथळ पाण्यात आणि कांदळवनाजवळ ते वापरले तर पृष्ठभागावरचे विष तळाशी जाते. तिथे माणसांनी हातांनीच काम करावे लागते. तेल खाणाऱ्या जिवाणूंचे मिश्रणही काही ठिकाणी वापरले गेले. जहाजातून होणारी गळती काही दिवसांत थांबवण्यात आली, पण किनाऱ्यावरचे काम पुढे बराच काळ चालले.

पुढे कुतूहल म्हणून मी या विषयाचे वाचन करत राहिलो. आपल्या देशात समुद्रातील तेलप्रदूषणाशी लढण्याची जबाबदारी १९८६ पासून तटरक्षक दलाकडे आहे. १९९६ साली त्यासाठी एक राष्ट्रीय योजना अमलात आली. तिची रचना मला बँकेच्या मंजुरी-अधिकारांसारखी वाटली. ७०० टनांपर्यंतच्या गळतीची तयारी त्या त्या बंदराने आणि तेल हाताळणाऱ्या कंपनीने स्वतः ठेवायची. त्यापुढे १०,००० टनांपर्यंत दुसरी पातळी आणि त्याहून मोठ्या आपत्तीला तिसरी. मुंबई, चेन्नई, श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) आणि वाडीनार येथे प्रदूषण-प्रतिसाद केंद्रे आहेत. ठरावीक वर्षांनी बंदरे, तेलकंपन्या, राज्य सरकारे आणि शेजारी देशांचे प्रतिनिधी यांना एकत्र आणून राष्ट्रीय सराव होतो. एप्रिल २०२२ मध्ये तो गोव्याला मुरगाव बंदराजवळ झाला होता.

भारताचे पहिले खास प्रदूषण-नियंत्रण जहाज 'समुद्र प्रहरी' मुंबईत दलात दाखल झाले ते ऑक्टोबर २०१० मध्ये, म्हणजे 'चित्रा'च्या अपघातानंतर दोन महिन्यांनी. त्याची बांधणी अर्थातच आधीपासून चालू होती. तरी मनात आल्यावाचून राहत नाही की तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय किती जुनी आहे. त्यानंतरच्या काळात मात्र विहिरी आधी खणल्या जाऊ लागल्या. आता गोवा शिपयार्डने 'समुद्र प्रताप' हे ११४ मीटर लांबीचे, देशातच आराखडा आखलेले जहाज बांधले आहे.

दुसऱ्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, 'एमव्ही राक' हे जहाज साठ हजार टन कोळशासह मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडाले. त्यातूनही तेल गळत राहिले. या प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपनीला १०० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई ठोठावली. ज्याने घाण केली त्याने ती निस्तरावी, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मांडले गेले. निकाल महत्त्वाचा होता. पण बँकेत आयुष्य घालवलेल्या मला ठाऊक आहे की वसुली ही नेहमी नुकसान झाल्यानंतरची गोष्ट असते. बुडीत कर्जाची वसुली करणाऱ्याचे कौतुक होते. कर्ज बुडणारच नाही अशी काळजी घेणाऱ्याचे नाव कोणाच्या लक्षात राहत नाही.

समुद्रावरही नेमके हेच होते. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि सुमारे ३७,००० टन खनिज तेल सांडले. तेलात माखलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे जगभर गेली. ते नाव आजही जगभर लोकांच्या स्मरणात आहे. आता मी दुसरे नाव घेतो, 'न्यू डायमंड'. किती वाचकांना ते आठवते? ३ सप्टेंबर २०२० रोजी कुवेतहून आपल्या पारादीपकडे येणाऱ्या या जहाजाला श्रीलंकेच्या पूर्वेला आग लागली. त्यावर सुमारे २ लाख ७० हजार टन खनिज तेल होते, म्हणजे अलास्कात सांडले त्याच्या सातपट. एका खलाशाचा बळी गेला. आपले तटरक्षक दल आणि श्रीलंकेचे नौदल यांनी कित्येक दिवस पाण्याचे फवारे मारून ती आग आटोक्यात आणली. विझलेली आग पुन्हा भडकली, पुन्हा विझवली. जहाजाच्या स्वतःच्या इंधनाचा तवंग मागे दिसला, पण पोटातले खनिज तेल पोटातच राहिले.

ते सांडले असते तर 'न्यू डायमंड' हे नाव शाळेच्या पुस्तकात आले असते. सांडले नाही, म्हणून ते आपल्याला माहीतच नाही. जे घडले नाही त्याचे छायाचित्र काढता येत नाही. कासवे मेली नाहीत, मासे मेले नाहीत, किनारे काळे झाले नाहीत, यांची बातमी होत नाही.

अशा कामाची दखल अगदीच घेतली जात नाही असे मात्र नाही. तटरक्षक दलाच्या जवानांना प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी तटरक्षक पदके जाहीर होतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनाही दरवर्षी समुद्रावरील असामान्य धैर्याचा पुरस्कार देते. २०२४ साली तो 'मार्लिन लुआंडा' या जहाजाचे कप्तान अविलाश रावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला. त्या जहाजावर २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात क्षेपणास्त्र आदळले होते. पोटात ८४ हजार टनांहून अधिक ज्वालाग्राही नाफ्था, बाजूला भडकलेली आग आणि जहाजावर २२ भारतीय व १ बांगलादेशी खलाशी. 'आयएनएस विशाखापट्टणम' या आपल्या युद्धनौकेचे पथक मदतीला धावले आणि आग विझली. त्या नौकेचे कप्तान ब्रिजेश नंबियार आणि त्यांच्या पथकालाही संघटनेने प्रशस्तिपत्र दिले. धैर्याचे कौतुक झाले ते योग्यच. पण आग लागल्यावर त्या खलाशांचे हात आपोआप योग्य झडपेकडे गेले असतील, तर ते आमच्या नातवाच्या त्या कंटाळवाण्या मासिक सरावामुळे. धैर्य एका दिवसाचे असते. त्याच्या पाठीशी तयारी मात्र वर्षानुवर्षांची असते.

या तयारीचे फळ आकड्यांतही दिसते. तेलवाहू जहाजांतून सात टनांहून अधिक तेल सांडण्याच्या घटना १९७०च्या दशकात वर्षाला सरासरी ७९ च्या आसपास होत. २०१० ते २०१९ या दशकात ही सरासरी ६ वर आली. तेलाची वाहतूक घटली म्हणून असे झाले नाही. जहाजांना दुहेरी कवच आले, नियम कडक झाले, तपासण्या आणि सराव वाढले, म्हणून झाले. आणि ज्या हजारो माणसांनी हे केले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही.

तयारी नसते तेव्हा काय होते तेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली आणि दाट तेलाचा चिखल किनाऱ्याला लागला. यंत्रांना तो उचलता येईना, तेव्हा विद्यार्थी, मच्छीमार आणि कामगार बादल्यांनी तो उपसत होते. त्यांची सेवा वंदनीयच, पण ती बादली पाहून आपल्या व्यवस्थेची मानही खाली गेली पाहिजे. जुलै २०२० मध्ये 'वाकाशिओ' हे जहाज मॉरिशसच्या प्रवाळांवर अडकले आणि पुढे सुमारे १,००० टन तेल सांडले. ज्या बेटावर आपले मराठी बांधव पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तिथल्या लोकांनी कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून तरंगते बांध शिवले. भारताने तिथे ३० टन साहित्य आणि तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथक पाठवले. पाचटाचा बांध! बाबूजींचा भुसाच तो. साधन साधे असले तरी चालते, ते वेळेवर हाताशी असावे लागते.

इथवर मी समुद्राचे बोललो. आता किनारा सोडून स्वतःकडे वळतो, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तिथे आहे.

नोकरीच्या मधल्या काळात मी विदर्भातील एका शाखेचा व्यवस्थापक होतो. दर तिमाहीला शाखेत आग प्रतिबंधक सराव घ्यावा आणि नोंदवहीत त्याची नोंद करावी, असा नियम होता. त्या वर्षी ठेवींचे उद्दिष्ट डोक्यावर होते. मी सलग तीन तिमाह्या सराव न घेताच वहीत 'सराव घेण्यात आला, समाधानकारक' असे लिहून सही केली. त्या सह्यांच्या वेळी माझा हात थरथरला नाही, हे आज आठवले की लाज वाटते.

आमच्या शाखेत एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते जुन्या दस्तऐवजांच्या खोलीबाहेर वाळूच्या चार बादल्या भरून ठेवीत. पावसाळ्यात वाळू ओली झाली की उन्हाला घालून पुन्हा भरीत. शाखेत येणारे लोक त्या बादल्यांत पानाच्या पिचकाऱ्या मारत, म्हणून मी एकदा त्या उचलायला सांगितल्या. ते म्हणाले, "राहू द्या ना सायेब. आग का तारीख सांगून येते?" मी हसून सोडून दिले.

एका रात्री त्या खोलीत विजेच्या तारांतून ठिणगी पडली. मामा शाखेच्या मागेच राहत. जळका वास आल्याबरोबर ते धावले, मुख्य बटण बंद केले आणि त्या चार बादल्यांनी आग कपाटापर्यंत पोहोचण्याआधी दाबली. आतल्या अग्निशामक नळकांड्याची मुदत उलटून गेली होती. नोंदवहीप्रमाणे ते 'समाधानकारक' होते. खोलीत शेकडो कुटुंबांच्या गहाण मालमत्तांची मूळ कागदपत्रे होती. त्यांत आपल्या समाजातील कित्येक पेढ्यांची घरे, गोदामे, दुकाने होती. दोन फायली करपल्या, बाकी सर्व वाचले.

मी अहवाल लिहिला. त्यात लिहिले की आग 'किरकोळ' होती आणि 'तत्काळ आटोक्यात आणण्यात आली'. कोणी आणली, ते लिहिले नाही. कारण बादल्यांचा उल्लेख केला असता, तर नळकांडे का चालले नाही हा प्रश्न आला असता, आणि मग त्या तीन सह्यांचा. त्या वर्षी ठेवींच्या उद्दिष्टासाठी मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते अजून माझ्या दिवाणखान्यात लावलेले आहे. मामांना काहीच मिळाले नाही.

आपल्या शास्त्रात कर्मबंधाच्या कारणांमध्ये प्रमादाची गणना होते. गौतम स्वामींसारख्या ज्ञानी शिष्यालाही भगवंतांनी प्रमादापासून सावध केले. वस्तू उचलताना-ठेवताना जपावे, टाकाऊ पदार्थ टाकतानाही जीव जपावेत, यासाठी साधुजनांना समित्या सांगितल्या आहेत. पाणी गाळून पिणे, चूल पेटवण्यापूर्वी सरपण झटकणे, या आपल्या घरांतल्या रीतीसुद्धा यतनेच्याच आहेत. हिंसा घडल्यानंतर पश्चात्ताप करण्यापेक्षा ती घडणारच नाही अशी आधी काळजी घ्यावी, हा आपल्या आचाराचा गाभा आहे. तेलगळतीची तयारी करणारा खलाशी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्या वेळी हेच आचरत असतो. असंख्य जलचर जीवांची हिंसा तो टाळतो, आणि ती टळली हे त्यालाही कधी कळत नाही.

आणि आपल्याकडे करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिघांनाही फळ सांगितले आहे. पापाची अनुमोदना केली तर त्याचा वाटा येतो. मग चांगल्या कृत्याची अनुमोदना रोखून धरली, तर तोही एक दोषच नाही का? तपस्वींचा बहुमान आपण प्रमोद भावनेने करतो, कारण दुसऱ्याचा गुण पाहून आनंदणे हीसुद्धा साधना आहे. त्या प्रमोद भावनेची कक्षा थोडी रुंदावावी, एवढीच माझी विनंती आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या जिनिंग आहेत, गोदामे आहेत, तेलाचे आणि वाहनांचे व्यवसाय आहेत. जिनिंगमधल्या आगी वऱ्हाडाला नवीन नाहीत. तिथे पाण्याची टाकी रोज भरली आहे की नाही हे पाहणारा एखादा कामगार असेल. गॅरेजमधले जळके ऑइल नाल्यात न ओतता पिंपात साठवून पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवणारा एखादा मुलगा असेल. नाल्यातले तेल नदीला मिळते आणि नदी शेवटी समुद्रालाच मिळते. अशा माणसाला वर्षातून एकदा सर्वांसमोर उभे करून विचारावे, "तुझ्यामुळे काय काय घडले नाही?" त्याला उत्तर देता येणार नाही. ते आपण द्यावे.

क्षमापनेच्या दिवसांतच मी मामांचा पत्ता शोधला. ते आता ऐंशीच्या घरात आहेत आणि नांदगाव पेठेपासून फार दूर नसलेल्या एका खेड्यात मुलाकडे राहतात. मी शाल आणि श्रीफळ घेऊन गेलो. त्यांच्या मुलासमोर आणि नातवंडांसमोर त्या रात्रीची हकीकत सांगितली. अहवालात मी त्यांचे नाव का लिहिले नाही, तेही सांगितले आणि हात जोडून क्षमा मागितली. मुलगा अवाक् झाला. वडिलांनी हे कधी घरात सांगितलेच नव्हते.

मामांनी शाल मांडीवर नीट घडी घालून ठेवली आणि म्हणाले, "त्यात काय एवढं, सायेब? काही झालंच नाही तं."

निघताना दाराशी पाहिले. गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीपासून चार हात अंतरावर, वाळूने भरलेल्या दोन बादल्या ठेवलेल्या होत्या. वाळू कोरडी होती.

घरी आल्यावर मी दिवाणखान्यातले ते प्रशस्तिपत्र भिंतीवरून उतरवले. पुढील बहुमान समारंभासाठी आमच्या संघाच्या कार्यकारिणीकडे दोन नावे लिहून दिली आहेत. एक मामांचे आणि दुसरे त्या चोवीस वर्षांच्या मुलाचे. कारणाच्या रकान्यात दोघांच्याही नावापुढे एकच ओळ लिहिली आहे : 'यांच्यामुळे काही घडले नाही.'